छातीच्या उंचीवर

मधवाला कंपनीच्या चौकीसमोरच्या बाकावर पाय पसरून बसला होता. डोक्यावर बोर्ड होता: 'जंगलात जाण्यास सक्त मनाई.'

"ऊठ रे बाबा, चल," मोजणीसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"कुठे, साहेब?"

"आत. झाडं दाखवायला."

मधवाल्याने मान वर करून बोर्ड वाचल्यासारखं केलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण वर्षभर ज्या पाटीपाशी हाकलून दिलं जातं ती पाटी माणसाला पाठ होतेच. "मनाई आहे, साहेब. सक्त."

फाटकावर उभा असलेला चौकीदार आपल्या बुटांकडे बघायला लागला. तो मधवाल्याचा मेहुणा. गेल्या महिन्यात त्याने सख्ख्या बहिणीची लाकडाची मोळी जप्त केली होती, तेव्हापासून बहिणीच्या घरी त्याचं ताट वाढलं जात नव्हतं.

भानगड साधी होती. दूरदेशीचे कारखाने धूर सोडायचे, इथली झाडं तो गिळायची आणि गिळल्याचा दाखला कंपनी विकायची. दाखला खरा की खोटा हे बघायला आज तपासनीस बाई आल्या होत्या. नमुन्याची एकेचाळीस झाडं संध्याकाळपर्यंत त्यांच्यासमोर मोजायची होती. आणि झाडांवर ठोकलेले पत्र्याचे बिल्ले अस्वलांनी अंग घासून घासून पाडून टाकले होते. साहेबांच्या हातातलं यंत्र जागा दाखवायचं, पण तीस पावलं इकडेतिकडे. तीस पावलांत झाडं शंभर. गेल्या वर्षी वाट दाखवायला मधवालाच होता.

"हे बघ, तुला आजच्यापुरती परवानगी देतो," साहेब म्हणाले.

"मला एकट्याला?"

"मग काय वरात काढायचीय?"

"वरातच लागेल, साहेब. गेल्या वर्षी एकटा आलो तीच चूक झाली. आमच्यात एकेका घराचं एकेक झाड असतं. घरचं माणूस सोबत असल्याशिवाय परक्याला त्या झाडापाशी नेत नाहीत. मी नेलं. आत्या वर्षभर माझ्याशी बोलत नाही. विचारा हवं तर."

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, सगळी वस्ती सकाळपासून येऊन बसली होती. सगळ्यांच्या पुढे आत्या. भाच्याने बोट दाखवताच तिने तोंड फिरवलं.

"बघा," मधवाला खुशीत म्हणाला.

"अरे, पण जंगलात हजारो झाडं. नेमकी तुमच्या घरांचीच कशी आली नमुन्यात?"

"तुम्हीच म्हणालात ना, जाडजूड बघून दाखव? जाडजूड झाडं घरांचीच असतात, साहेब. जपली म्हणून जाड झाली."

"हळू बोल! नमुन्याची झाडं निवडून घ्यायची नसतात." साहेबांनी मागे गाडीकडे बघितलं. तपासनीस बाई बूट बदलत होत्या. "बरं, बरं. सगळे या. आजच्या दिवस."

"लिहून द्या. आज आणि पुढेही."

"पुढेही कसं? वरच्यांना विचारावं लागेल."

"मग झाडंही आजच्यापुरतीच दाखवतो. कंपनीचा करार तीस वर्षांचा ना? पुढच्या वर्षी अस्वलाला विचारा."

मेहुण्याला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात घातलं.

मधवाल्याचे दात दिसत होते, पण बाकाखाली त्याच्या पायाचा अंगठा माती उकरत होता. कड्यावर मधाची पोळी भरून लोंबत होती. आणखी आठ दिवस, मग माशा मध पिऊन उडून जाणार आणि मागे नुसतं मेण. मागचा हंगाम असाच गेला. हाही गेला तर दोर कुजणार, आणि पोरं कडा चढायचं विसरणार ते वेगळंच.

"काही अडचण आहे का?" बाई जवळ येत म्हणाल्या.

"छे, छे! कागदपत्र चाललंय," साहेब म्हणाले, आणि बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. शिक्का मारला. कागद पुढे केला.

मधवाल्याने तो मेहुण्याला दिला. "वाच रे. मोठ्याने. तुला काय नुसतं माझ्या बायकोच्या मोळ्या धरायला ठेवलंय?"

मेहुण्याने घसा साफ केला. "एकेचाळीस घरांच्या माणसांना जंगलात जाण्यायेण्याची, मध, लाकूड, पाला आणण्याची मुभा आहे. आज आणि पुढेही." शेवटचे शब्द त्याने दोनदा वाचले. मग कागद परत दिला आणि कोणी न सांगता फाटक उघडलं.

वस्ती उठली. कोणी घाई केली नाही, पण मागेही कोणी राहिलं नाही.

पहिलं झाड आत्याचं. तिने बुंध्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. साहेबांनी टेप काढली. तपासनीस बाईंनी कंपनीने दिलेली फाईल उघडली, पान उलटलं, पुन्हा मागे आल्या.

"यात लिहिलंय, वस्ती शून्य. मग ही माणसं कुठली?"

साहेब टेप पुसायला लागले. टेप स्वच्छ होती.

मधवाल्याने तोंड उघडलं.

"तू गप बस," आत्या म्हणाली. वर्षभरात ती त्याच्याशी बोललेली पहिलीच गोष्ट. तो असा गप बसला की चेहऱ्यावरचा आनंद लपेना.

आत्या बाईंकडे वळली. "झाड कुठे मोजतात हो?"

"छातीच्या उंचीवर."

आत्याने बुंध्याला पाठ टेकली आणि दोन्ही हात वर केले.

"मग घ्या टेप, आम्हा दोघांभोवती."