जेरुसलेमचा गडगा

गंगाराम मास्तर राजिवड्याच्या वाटेला लागले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांच्या वर्गातला रघू मागून येत होता, अंतर राखून. त्याच्या बापाला हे पसंत नव्हतं. मुसलमानांच्या वस्तीत पोराला नेताय, काही कमीजास्त झालं तर कोण निस्तरणार, असं तो मास्तरांना तोंडावर बोलला होता. रघूनं मात्र मुकाट्यानं टोपी डोक्यावर घातली आणि निघाला.

गेल्या आठवड्यात मास्तरांनी इंग्रजी तिसरीच्या वर्गात क्रूसाच्या लढायांचा धडा घेतला होता. पुस्तकात त्या लढायांना चारच ओळी होत्या, पण मास्तर ओळींवर भागवणारे नव्हते. त्यांनी जेरुसलेमचा तट उभा केला. समुद्रापलीकडून आलेले ख्रिस्ती योद्धे, त्यांच्या छातीवरचे क्रूस, उन्हानं तापलेली चिलखतं, चाकांवरचे लाकडी मनोरे, सगळं पोरांपुढं आणलं. शिडी तटाला लागली आणि घंटा झाली. पुढचं उद्या, म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. पोरं हळहळली. मास्तरांना ते हळहळणं आवडलं.

त्याच संध्याकाळी शाळेमागच्या गडग्याचं, रचलेल्या दगडांच्या कुंपणाचं, जेरुसलेम झालं. वर्गातल्या तिघा मुसलमान पोरांना गडग्याच्या आत घातलं, बाकी सगळे बाहेर. आधी आतले आणि बाहेरचे, दोघेही हसत होते. मग कुणीतरी ‘हर हर महादेव’ म्हणून ओरडलं, आणि हसणं थांबलं. रघूनं भिरकावलेला जांभ्या दगडाचा तुकडा दाऊद होडेकराच्या कासमला लागला. डावा डोळा गेला.

हेडमास्तरांनी बजावलं होतं, खेळता खेळता झालेला अपघात, यापलीकडं कुणी काही बोलायचं नाही. बाजारपेठेतले काही जण मास्तरांच्या घरी येऊन त्यांची पाठ थोपटून गेले. पोरांच्या अंगात तेज आलं म्हणाले. मास्तरांनी मात्र त्याच दिवशी राजिवड्यात जायचं ठरवलं. राजिवड्यातली जाणती माणसं दाऊदला फौजदाराकडं जा म्हणत होती. तरण्या पोरांना तेवढाही धीर नव्हता.

किनाऱ्याशी होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. मास्तर दिसले तशी तिथली माणसं उठून उभी राहिली. एक तरणा गडी वाटेत आडवा आला.

“ह्योच काय तो?” त्यानं विचारलं.

“हाच,” मास्तर म्हणाले. “आणि याला शिकवणारा मी.”

 गडी बाजूला झाला, पण मागोमाग चालू लागला.

दाऊद पडवीत फाटलं जाळं मांडीवर घेऊन सुईनं सांधत बसला होता. शेजारी चटईवर कासम, अर्धा चेहरा पट्टीत. दाऊद ‘बसा’ म्हणाला नाही, ‘जा’ही म्हणाला नाही. मास्तरांनी वाटेत मनाशी जुळवलेलं सांगून टाकलं, की चूक पोराची नाही, माझी आहे.

दाऊदनं मान वर केली नाही. “डोळा कोनाचा गेला, ता मला ठाव हाय. चूक कोनाची, ता तुमी ठरवा.”

 कासमनं सगळं तोंड वळवून उजव्या डोळ्यानं त्यांना न्याहाळलं.

“मास्तर, शिडी लागली. मग पुढं काय झालां?”

त्या दिवसानंतर मास्तरांनी तो धडा उघडलाच नव्हता. त्यांनी दाऊदकडं पाहिलं.

“सांगा,” दाऊद म्हणाला. “त्यासाठीच शाळेत घातलाय त्याला.”

मास्तर खाली बसले आणि सांगू लागले. या खेपेला त्यांनी काही रंगवलं नाही. शिडीवरून माणसं तटावर चढली. त्यांनी आतून दरवाजे उघडले. आत शिरलेल्यांनी हाती लागेल त्याला कापलं. मुसलमान मशिदीत जमले होते, त्यांना तिथंच मारलं. यहुदी त्यांच्या प्रार्थनाघरात लपले होते, ते घर पेटवून दिलं. मग जिंकणारे ख्रिस्ती देवाचे आभार मानायला आपल्या देवळात गेले, आणि आनंदानं रडले.

दाराआड कासमच्या आईच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

“लहान पोरांना पण मारलं?” रघूनं विचारलं. खांबाशी उभा होता तो केव्हा चटईपाशी येऊन बसला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

“लहान पोरांना पण.”

मग पुढं, असं कासमनं विचारलं. मास्तर म्हणाले, ऐंशी-नव्वद वर्षांनी मुसलमानांच्या सुलतानानं शहर परत घेतलं. ते घ्यायला ख्रिस्ती पुन्हा आले. पुन्हा माणसं मेली. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

दाऊदनं सुई जाळ्यात खोचली.

“ता शहर आता कोनाच्या ताब्यात हाय, मास्तर?”

“मागच्या महायुद्धापासून इंग्रजांच्या, आपल्या मुलखासारखंच.”

 अंगणाच्या कडेला मघाचा गडी आणखी चौघापाचांना घेऊन येऊन उभा होता.  दाऊदनं जाळं बाजूला ठेवलं, उठला आणि रघूचं मनगट धरलं.

“चला. बाजारपेठेपर्यंत घालवतो तुमाला.”

तो सरळ त्या पोरांच्या अंगावर चालत गेला. ती हटली, वाट झाली. मास्तर मागून चालत होते. त्यांना पुढचे ते दोन हात दिसत होते. दाऊदची पकड इतकी घट्ट होती की रघूची बोटं पांढरी पडली होती. रघूनं हात सोडवून घेतला नाही.