साखरेचा डबा

मुलांनो, पनवेलमधलं एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. मुबारकभाईंनी ते असं लावलं होतं, की स्टुलावरून न उठता साखर, चहा, साबण सगळं हाताशी यावं. बसून बसून वजन वाढलं, गुडघे धरले. नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढावी लागे, आणि तेच त्यांना फार लागे.

डॉक्टर म्हणाले, रोज चाला.

"दुकान सोडून कधी चालू?" मुबारकभाई म्हणायचे.

एका सकाळी साखरेचा डबा जागेवर नव्हता.

"मुंग्या लागल्या होत्या, अब्बा," त्यांची दहा वर्षांची हादिया म्हणाली. "पार मागच्या फळीवर ठेवलाय."

आता गिऱ्हाईकानं साखर मागितली, की मुबारकभाई कुरकुरत उठायचे. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा.

वर्षभरात त्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. मग एका सकाळी दुकानामागच्या घरात त्यांनी खुर्ची बाजूला सारली, गुडघे टेकले आणि जमिनीवर कपाळ ठेवून नमाज पढली.

"हादिया," उठताना ते हसून म्हणाले, "मुंग्या गेल्या असतील आता. आण तो डबा पुढे."

हादिया दुकानात गेली आणि तिनं चहाचा डबाही मागच्या फळीवर नेऊन ठेवला.

"साखरेच्या गेल्या, अब्बा. आता चहाला लागल्यात."