गळतीचा वास

दुपारच्या पाळीत पाइपांच्या रांगेतून चालताना दिलावर परकारला लोबानाचा वास आला आणि तो जागीच थबकला. चिपळूणच्या घरी त्याची बायको जुबैदा न्हाऊन आली की निखाऱ्यांवर लोबान टाकायची, वर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर ओले केस पसरून बसायची. अगदी तोच वास. जुबैदा जाऊन आता वर्षं लोटली होती.

म्हणजे गॅस गळत होता.

आखातातल्या या वायुक्षेत्रात गळती कळावी म्हणून गॅसला दिला जाणारा तो जुना कुजका वास कधीच बंद झाला होता, कारण नाकं त्याला सरावायची. आता गॅसमध्ये मिसळलेलं द्रव्य ज्याच्या त्याच्या डोक्यातला सगळ्यात लाडका वास जागा करायचं. झोपलेला माणूसही त्यानं उठायचा. उठून पळायचा मात्र नाही, हे कंपनीच्या ध्यानात आलं नव्हतं.

पलीकडे गडहिंग्लजचा भरमू डोळे मिटून उभा होता. मास्क हातातच.

"परकारभाई, गुऱ्हाळ सुरू झालंय बघा. गुळाची काहील आत्ताच उतरलीया."

"आधी मास्क घाल!"

"घालतो की. जरा थांबा."

दिलावरने त्याला दंडाला धरून लांब मोकळ्या वाऱ्यात ढकललं आणि परत येऊन व्हॉल्व्हचं चाक फिरवायला घेतलं. त्याचा स्वतःचा मास्क गळ्यातच लटकत होता. चाक आवळत गेलं तसा लोबान विरत गेला.

वॉकीटॉकी खरखरला. "परकार, गळती थांबली का?"

बोलायचं तर छातीत भरून घेतलेला लोबानाचा शेवटचा श्वास सोडावा लागला असता.