मंदाचा आवाज

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये मंदाचा आवाज कायमचा गेला आणि तिच्या नवऱ्याने, जगन्नाथने, कपाटातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी बाहेर काढल्या. नायगावच्या ब्लॉकची वास्तुशांत, लेकीचं बारसं, समुद्रकाठच्या सुरुची बागेतली सहल. भावाने दुबईहून आणलेल्या कॅमेऱ्यावर सगळं शूटिंग जगन्नाथने हौसेने स्वतः केलं होतं. तो कामाला होता त्या सातिवलीच्या कारखान्यातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला. त्यात व्हिडिओ काही मावेना, म्हणून कॅमेऱ्याची वायर जोडून तो नुसता आवाजच भरून घ्यायला बसला.

"चित्र नको गं मला, तुझे चार शब्द सापडले तरी पुरे," तो काकुळतीला येऊन म्हणाला. मंदाने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि त्याला दिसायच्या आत पुसून टाकलं.

या कॅसेटी त्याने टीव्हीवर शंभरदा पाहिल्या होत्या, पण कान देऊन कधी ऐकल्या नव्हत्या. आता भटजींचे मंत्र सापडले, लेकीचं रडणं सापडलं, समुद्राची गाजसुद्धा सापडली.

मंदाचं मात्र प्रत्येक कॅसेटीत "अहो" एवढंच होतं, आणि लगेच त्यावर त्याचं खेकसणं: "गप्प बस गं, शूटिंगमध्ये तुझा आवाज येतो!"