संसार केवढा

"नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल घेतोय," प्रकाशक म्हणाले.

म्हाताऱ्या हिंदी कवी गिरिजाकांतांना जबलपुरातलं पहिलं बिऱ्हाड आठवलं. 'इतना बड़ा संसार' छापून आलं, तेव्हा वर्ध्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली कुमुद नाव वाचून लाजली होती. "दोन खोल्यांचा तर आपला संसार, त्यावर अख्खं पुस्तक?" म्हणत तिने गल्लीभर साखर वाटली. हिंदीत संसार म्हणजे जग, हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही. पुढे कधी सांगावंसंच वाटलं नाही.

ती गेल्यापासून न पेटलेल्या स्टोव्हकडे त्यांनी पाहिलं.

"गोल नको. स्टोव्ह काढा, आणि दोन कपबशा."

"पण कविता जगावरच्या आहेत ना?"

"लिहिल्या तेव्हा होत्या."