तीन स्क्रीनची मागणी

तंत्रज्ञ टेबलाखाली शिरला तेव्हा अडीच वाजले होते. तक्तेवाल्या ताई खुर्ची मागे सरकवून उभ्या होत्या. दोनशे ड्रायव्हरांच्या ड्यूट्यांचा तक्ता त्या अकरा वर्षं लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर, डोळे बारीक करून लावत आल्या होत्या. तीन मोठे स्क्रीन मागितले त्याला नऊ महिने झाले. ते आज आले.

तंत्रज्ञाच्या खिशात आज एक यादीही होती. चार वाजता ज्यांना नारळ मिळणार, त्यांची कॉम्प्युटरवरची खाती बंद करायची यादी. ती आधी त्याच्याकडे येते, माणसांना नंतर कळतं. आज पाच नावं होती, त्यांत तिसरं ताईंचं. "मग स्क्रीन जोडू कशाला?" असं त्यानं सकाळी साहेबांना विचारलं होतं.

"यादी वेगळी, मागणी वेगळी," साहेब म्हणाले. "जोडून टाक, म्हणजे मागणी पूर्ण दिसेल. आणि तोंड उघडलंस तर सहावं नाव तुझं."

या हाताचं त्या हाताला कळत नाही म्हणावं, तर इथे दोन्ही हातांना सगळं ठाऊक होतं.

त्यानं तिन्ही स्क्रीनच्या वायरी डॉकला, म्हणजे जोडणीच्या डबीला, लावल्या आणि डॉकची एकच वायर लॅपटॉपला जोडली. दोन स्क्रीन उजळले, तिसरा काळाच राहिला. त्याची वायर काढून शेजारच्या खाचेत घातली, तोही लागला. हात आपोआप चालत होते. त्याला काहीच वाटत नव्हतं. पहिल्या यादीच्या वेळी दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. ही सातवी होती.

"माउस डावीकडे नेला की उजवीकडून निघतोय," ताई म्हणाल्या. "वरातीमागून घोडं आलं, तेही उलट्या तोंडाचं."

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनचा क्रम नीट लावला आणि सामान पिशवीत भरायला घेतलं.

ताईंनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "वायरी नाही बांधल्या?"

"राहू द्या. नंतर बघतो."

अख्ख्या ऑफिसात त्याच्या हातची एक वायर लोंबकळताना दिसायची नाही. ताई शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिल्या.

"मागच्या महिन्यात इथल्याही नव्हत्या बांधल्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी इथे बसायचा तो गेला."

तंत्रज्ञ पिशवीत सामान भरत राहिला. संध्याकाळी आपल्यालाच सोडायच्या त्या वायरी दुपारी कशाला आवळायच्या, एवढाच त्याचा हिशेब. मुद्दाम काही नव्हतं, हाताची सवय होती. जे तोंडानं सांगायचं नव्हतं ते हातांनी सांगून टाकलं होतं.

"किती वाजता?" ताईंनी विचारलं.

"चारला."

ताईंनी घड्याळ पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. पुढच्या आठवड्याचा तक्ता उघडला आणि पहिल्या स्क्रीनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ताणत नेला. आठवडाभराच्या सगळ्या ड्यूट्या पहिल्यांदाच एका नजरेत दिसत होत्या. बुधवारी एकाच ड्रायव्हरला एकाच वेळी दोन गाड्या लागल्या होत्या. त्यांनी ती चूक दुरुस्त केली.

"उजवीकडचा बोटभर खाली घ्या," ताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "मान दुखते."