पाण्याचा संशय

आलेखाच्या कडेला सरांनी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता : 'पाणी?'

त्या एका शब्दानं तिची महिनाभराची झोप उडवली होती. धातूनं पोटात घेतलेला हायड्रोजन उणे तीस अंशांनाही आतल्या आत धावतो, असं तिचं म्हणणं. त्या धातूच्या भुकटीची काचनळी एनएमआर यंत्राच्या चुंबकात ठेवली, की हायड्रोजन बसून असेल तर पडद्यावर पसरट उंचवटा येतो. धावत असेल तर सुईसारखं टोक. तिला टोक मिळालं होतं. पण सर पडले संशयी. "भुकटीला चिकटलेला ओलावा उणे तीसलाही धड गोठत नाही, बाई. त्यातही हायड्रोजनच असतो. तेच टोक असेल हे." तसं निघालं, तर तिच्या तीन वर्षांच्या संशोधनाचं मुसळ केरात.

म्हणून आज दुसरी नळी. तीच भुकटी, तीच काच, तसंच तोंड वितळवून बंद केलेलं. फक्त या भुकटीला हायड्रोजन पाजलाच नव्हता. इथंही टोक आलं, तर ते पाण्याचं.

नळी बंद करून देणारे काचवाले काका हातातलं काम टाकून आले होते. "तीस वर्षं काच फुंकतोय. माझ्या नळीत पाणी म्हणे! उद्या म्हणतील, मासेही आहेत."

"काका, हळू. सर ऐकतील."

"ऐकू देत की!"

सर ऐकतच होते. चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच म्हणाले, "चालू कर."

यंत्र टकटकू लागलं. पाचशे मोजण्या. हजार. दोन हजार. पडद्याकडे बघायचा तिला धीर होईना. ती काकांच्या भाजून काळ्या पडलेल्या अंगठ्याकडे बघत बसली. चार हजारांना यंत्र थांबलं.

पडद्यावर सरळ रेष. जराशी खरखर, बाकी सपाट.

काकांचा चेहरा उतरला. "अगं, हे तर काहीच आलं नाही."

"काहीच नाही!" ती खुर्चीवरून उडालीच. "काका, काहीच नाही आलं! टिपूससुद्धा नाही!" तिनं त्यांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. हसता हसता रडू फुटलं, ते तिनं लपवलंही नाही.

सर पडद्याशी वाकले. "दसपट मोठी करून दाखव."

तिनं केली. खरखर.

"शंभरपट."

नुसती खरखर.

 सर सरळ झाले, तिचा जुना आलेख टेबलावर पसरला आणि खिसे चाचपू लागले.

"खोडरबर आहे का गं?"

तिनं दिला. काका पुढे सरकले, सरांच्या खांद्यावरून डोकावले.

"नीट खोडा हं, सर. ठसा राहायला नको."